शेवटची सोळा पानं

बाईंच्या माडीवर भाड्याने राहायला जाण्याआधी मला तीन प्रश्न विचारण्यात आले. मासळी शिजवणार का, गच्चीवर कपडे वाळत घालताना पाणी खाली ठिबकवणार का, आणि एखाद्या पुस्तकावर सिनेमा निघाला तर आधी काय करणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी येतानाच तयार करून आणली होती. तिसऱ्याला गडबडले आणि खरं बोलून बसले. "सिनेमा बघते. आवडला तर मग पुस्तकाचं बघते." बाईंनी माझ्याकडे, नापास मुलीच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसं पाहिलं. "सुधारशील," म्हणाल्या, आणि माडीची चावी हातात दिली.

मी नगरकडची. बँकेच्या परीक्षा देऊन देऊन जीव मेटाकुटीला आल्यावर पहिली नेमणूक मिळाली ती बोर्ली पंचतनला. बाईंचं घर बोर्लीपासून तीनेक किलोमीटरवर, मागे नारळ-पोफळींची वाडी, पुढे शेणाने सारवलेलं खळं. गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. वय बहात्तर, अंगाने काडी, आवाज मात्र तिसऱ्या वाडीपर्यंत जाणारा. परकराला आतून एक कापडी खिसा शिवून घेतलेला होता आणि त्यात कायम एक पुस्तक असायचं. त्यामुळे त्यांची एक बाजू दुसरीपेक्षा जाड दिसे. नवीन माणसाला वाटे, बाईंच्या कमरेत काहीतरी दुखणं आहे.

त्या पुस्तकं वाचत ती फक्त प्रेमाची, आणि त्यातही हसवणारी. गणिताच्या बाईंना हे शोभतं का, असं एकदा गावातल्या कुणी गुरुजींनी विचारलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या, "दुःखाची पुस्तकं मी नोकरीत असताना वाचली. आता मी रिटायर झालेय." वाचताना मात्र चेहरा असा, की कुणाला वाटावं पेपर तपासतायत. हातात पेन्सिल असे. नायकाने गुलाबाचं फूलबिल दिलं की समासात लिहीत, 'हा लोचट आहे.' नायिका रडली की, 'इथे हिने उठून जायला हवं होतं.' माझ्या हाती आलेल्या एका कादंबरीत एका अख्ख्या पानाच्या समासात फक्त एवढंच होतं, 'अगो, बोल ना!'

पुस्तक आधी, सिनेमा मग. हा नियम त्यांनी घरात, शेजारात आणि जमेल तिथे गावात लागू केला होता. त्याला त्यांच्याकडे कारणही होतं, आणि ते मला आजही पटतं. "सिनेमा आधी बघितलास की त्या नटाचं तोंड तुझ्या डोक्यात जाऊन बसतं. मग पुस्तकातल्या बिचाऱ्याला स्वतःचं तोंडच उरत नाही." ट्रेलरचं तर नावही काढायचं नाही. पहिल्याच महिन्यात एका रविवारी दुपारी मी माडीवर पडून मोबाइलवर एका कादंबरीवरचा सिनेमा बघत होते. खालून बाईंना दोन वाक्यं ऐकू आली आणि त्यांनी ओळखलं. चार वाजता माझ्यासाठी चहा वर आला, आणि बशीखाली ती कादंबरी. वर चिठ्ठी, 'आता वाच आणि बघितलंस ते विसर.' मी चिडले. माझ्या मोबाइलवर मी काय बघायचं तेही बाई ठरवणार का, असं आईला फोन करून बोलले. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत अर्धी कादंबरी वाचून संपवली होती. ते बाईंना कळू न देण्याची काळजी घेतली.

थंडी सरली की वाळवलेली सुपारी सोलायचं काम सुरू होई. दुपारी पडवीत तिघी बायका बसत. सुमनताई, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. वत्सलामावशी, ज्यांना ऐकू कमी येई पण हसण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि रेखा, पस्तीस-छत्तीसची, नवरा वारून सहा वर्षं झालेली, घरी थकलेली आई. पुढ्यात सुपारीचा ढीग, हातात पातं, आणि समोर पाटावर बाई पुस्तक उघडून. रोज दुपारी दोन ते चार बाई त्यांना वाचून दाखवत. ही प्रथा किती वर्षांची ते कुणालाच आठवत नव्हतं. दुसऱ्या वाडीत कुणी जास्त काम देऊ केलं तरी या तिघी जात नसत. सुमनताई म्हणायच्या, "तिकडं नुसती सुपारी सोलायची. मानूस येडा व्हईल."

नवीन नायक पुस्तकात आला की बाई वाचन थांबवून प्रत्येकीला विचारत, "कसा दिसतो?" जिने तिने त्याला आपल्या मनातलं तोंड द्यायचं. मी पहिल्या वर्षी ज्या कादंबरीच्या वेळी तिथे होते, तिच्यातली नायिका पुण्यात खानावळ चालवायची आणि नायक होता तिची खानावळ तपासायला येणारा सरकारी अधिकारी. बंद करायला म्हणून येतो, जेवून जातो, आणि मग दर बुधवारी काहीतरी तपासायचं राहिलं म्हणून परत येतो. बाईंनी विचारलं, कसा दिसतो. सुमनताई म्हणाल्या, गोरा, आमच्या दिरासारखा, पन त्याच्यासारखा आळशी न्हाय. वत्सलामावशींनी कुठल्याशा जुन्या नटाचं वर्णन केलं. रेखा खाली बघून म्हणाली, "लय उंच न्हाय. बोलतो कमी. हातावर दोराचे वळ हायेत."

"अन्न तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातावर दोराचे वळ कशाला असतील गो?" बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. सुमनताई जरा जास्तच हसल्या.

याच कादंबरीवर सिनेमा निघाला होता आणि माणगावला लागणार होता. तिघींनी कधी नव्हे तो हट्ट धरला, की आपण सगळ्यांनी मिळून बघायला जाऊ. बाईंनी टेंपो ठरवला, रविवार ठरवला, आणि त्याआधी पुस्तक संपवायचं म्हणून वाचनाचा वेळ अर्ध्या तासाने वाढवला. एरवी बाई कुठलंही पुस्तक आधी स्वतः पुरतं वाचत आणि मगच पडवीत आणत. या वेळी पुण्याहून भाच्याने प्रत पाठवायला उशीर केला होता, म्हणून पहिल्यांदाच त्या तिघींच्या बरोबरीने वाचत होत्या. पुढे काय होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. याचा त्यांना शाळकरी मुलीसारखा आनंद झाला होता.

शेवटाकडे नायकाची नागपूरला बदली होते. तो खानावळीत येतो, शेवटचं ताट जेवतो आणि विचारतो, "येशील माझ्याबरोबर?" तिथे प्रकरण संपत होतं. त्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं तेव्हा तिघींनी ओरडा केला. बाई बधल्या नाहीत. उद्या म्हणजे उद्या.

दुसरा दिवस दुसऱ्या शनिवारचा होता, बँकेला सुट्टी. मी बाईंच्या पाठीमागे, दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. बाईंनी पान उलटलं आणि क्षणभर थांबल्या. मग घसा खाकरून वाचायला लागल्या. नायिका स्टेशनवर गेली. त्याच्या हातात डबा दिला. म्हणाली, "तुम्ही चांगले आहात. पण मी माझ्या चुलीपाशी बरी आहे. माझं घर मी उभं केलंय, ते मला पुरतं." गाडी सुटली, तो दिसेनासा झाला, आणि ती परत येऊन दुसऱ्या दिवशीच्या डाळीचं आधण ठेवायला लागली. बाईंचा आवाज इतका लागला होता की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणून मी पुढे वाकून पानावर नजर टाकली. पानावर स्टेशन नव्हतंच. तिथे नायिकेची कढी फुटत होती आणि नायक नाकाला रुमाल लावून वही काढत होता. ते आम्ही मागच्या रविवारीच ऐकलं होतं.

बांधणीत घोटाळा झाला होता. शेवटच्या सोळा पानांच्या जागी आधीचीच सोळा पानं पुन्हा शिवली गेली होती. बाई शांतपणे जुनी पानं उलटत होत्या आणि मनचं वाचत होत्या.

संध्याकाळी मी त्यांना तोंडावर विचारलं. त्या मुळीच खजील झाल्या नाहीत. "तीन बायका हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना काय सांगू, बायंडरने गोंधळ केला? शेवट झाला ना? चांगला झाला ना?"

"झाला. पण खरा शेवट वेगळा असेल. पुढच्या रविवारी सिनेमात कळेलच."

"सिनेमावाल्यांनी बदलला म्हणू," बाई म्हणाल्या. "ते बदलतातच मेले." एवढं बोलून त्या तुळशीला पाणी घालायला गेल्या. मला ते सगळं फार गमतीचं वाटलं, आणि आपल्याला एक गुपित ठाऊक आहे याचा मी दोन दिवस आनंद घेतला.

मंगळवारी मी बँकेतून आले तर सुमनताई खळ्यात उभ्या, आणि बाई ओटीवर. सुमनताईंचा आवाज चढलेला.

"तुमच्या पुस्तकापायी रेखीनं त्याला न्हाय म्हटलं! सोन्यासारखा मानूस. खाडीपल्याड आगरदांड्याला ऱ्हातो, दिघीच्या फेरीबोटीवर दोर टाकतो, दारू न्हाय, काय न्हाय. सा महिने मी बोलनी करते. त्यानं इचारलं, तर ही बोलली, पुस्तक संपू दे, मंग सांगते. तो गरीब थांबला. आन काल जाऊन त्याला बोलून आली, मी माझ्या चुलीपाशी बरी हाय!"

बाईंनी ओटीच्या खांबाला हात लावला. "माझ्या पुस्तकाला विचारून तिने..."

"तुमीच बोलता ना, पुस्तकात मानसाला अक्कल मिळते? तिनं घेतली." सुमनताई पदर झटकून गेल्या.

बाईंना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत, मला चहाही विचारला नाही. पाटावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकदा एकाने विचारलं होतं. शाळेतलेच होते. मी तेव्हा नाही म्हटलं, आणि मला आजपर्यंत एक दिवस पस्तावा झालेला नाही. खरंच सांगत्ये. पण ते माझं उत्तर होतं. पुस्तकात ओळी दिसल्या नाहीत, तशी मी तेच उत्तर त्या खानावळवालीच्या तोंडी घातलं. दुसरं मला येतच नव्हतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती सोळा पानं मिळव. कुठूनही."

मी पुण्यातल्या मैत्रिणीला कामाला लावलं. तिने दुकानात उभं राहून, दुकानदाराच्या शिव्या खात, सोळा पानांचे फोटो काढून पाठवले. बाईंनी आयुष्यात मोबाइलवर एक ओळ वाचली नव्हती. त्या दिवशी ओटीवर बसून दोन बोटांनी अक्षरं मोठी करत त्यांनी सोळाच्या सोळा पानं वाचली. नायिका स्टेशनवर धावत जाते, गाडी सुटलेली असते. हिरमुसून परत येते, तर हा बाबा खानावळीच्या मोरीत बसून भांडी घासतोय. गाडीत चढलाच नव्हता. ती म्हणते, "राहा."

"गोड आहे," बाई म्हणाल्या, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी तिघी आल्या. पुस्तक संपलं असल्यामुळे वाचन नाही असं त्या धरून चालल्या होत्या. बाई मात्र पाटावर बसल्याच नाहीत. उभ्या राहिल्या.

"मागच्या शनिवारी मी तुम्हाला जो शेवट वाचून दाखवला, तो पुस्तकात नाही. पानं चुकीची बांधलेली होती. तो मी रचला. मी तुमच्याशी खोटं वागले."

वत्सलामावशींनी सुमनताईंना "काय बोलली?" म्हणून विचारलं, आणि सुमनताईंनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. रेखाची मान वर झाली नाही. तिचं पातं चालूच राहिलं. बाईंनी माझा मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि खरी सोळा पानं वाचली, अडखळत, मध्येच पान सरकून जात असताना. त्यांच्या वाचनात तेव्हा काहीच रंग नव्हता. नायक मोरीत सापडला तिथे नेहमी खो खो हसणाऱ्या बायका हसल्या नाहीत.

वाचून झाल्यावर रेखाने विचारलं, "मंग आता मी काय करू?"

मला वाटलं, बाई सांगतील. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत असे, शेजारणीच्या सुनेच्या डोहाळ्यांपासून बँकेच्या व्याजदरापर्यंत. बाई तिच्या समोर जमिनीवर बसल्या. "ते मला विचारू नकोस. पुस्तकालाही विचारू नकोस. आमचं दोघांचं तुला एकेक सांगून झालं, आणि आम्हाला ना तुझ्या घरातलं ठाऊक, ना त्याचं तोंड. तुला जे हवं ते कर. नाही म्हणालीस तरी तू माझ्या पडवीत आहेस."

रेखा उठून गेली. तिच्या पुढ्यातला अर्धा ढीग तसाच राहिला. बाईंनी तो स्वतः सोलायला घेतला आणि दोनदा बोट कापून घेतलं.

रविवारी टेंपो आला तेव्हा बाई सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या, पण सारखी मान वळवून रस्त्याकडे बघत होत्या. रेखा आली. नीट विंचरलेले केस, मागच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसली. म्हसळ्याच्या वळणांवर वत्सलामावशींना उलटी झाली, सुमनताईंनी ड्रायव्हरला यथेच्छ ऐकवलं, आणि आम्ही माणगावला पोचलो. थिएटरच्या दाराशी एक माणूस उभा होता. फार उंच नाही, इस्त्रीचा शर्ट, आणि हातावर दोराचे वळ. मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "मी न्हाय बोलवला, शपथ." रेखा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी आत जावा. आमाला बोलायचं हाय."

आम्ही आत गेलो. रेखाची खुर्ची रिकामी राहिली. मध्यंतरात मी बाहेर डोकावले, तर दोघं पायरीवर बसलेली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, आणि चहाचे दोन कप तसेच भरलेले. मी बाईंना तेवढं सांगितलं. "काय बोलतायत?" असं त्यांनी विचारलं नाही. फक्त "चहा निवला असेल," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर टेंपोत सिनेमावरून भांडण पेटलं. सुमनताईंच्या मते नायक चिकणा होता पण त्याला जेवता येत नव्हतं. वत्सलामावशींना सगळंच आवडलं. बाई, ज्यांनी मागे एकदा मला सिनेमात बदललेल्या एका संवादावरून पाऊण तास व्याख्यान दिलं होतं, त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. रेखा खिडकीबाहेर बघत होती. तिला काही विचारायची हिंमत सुमनताईंनाही झाली नाही.

सोमवारी मी पुन्हा मुद्दाम दुपारची सुट्टी टाकली. साहेबांना पोटदुखीचं कारण सांगितलं. दोन वाजता रेखा आली, आपल्या जागेवर बसली, पातं हातात घेतलं. बाई पाटावर होत्या, हात रिकामे. त्यांना नवीन पुस्तक आणायचं सुचलंच नव्हतं.

"शेवटी काय झालं व्हतं सिनेमात?" रेखाने विचारलं.

"मला नाही ठाऊक," बाई म्हणाल्या.

"म्हंजे? तुमी आत व्हतात ना?"

"होते. पण मी सारखी दाराकडे बघत होते."

रेखाचे हात थांबले. तिने बाईंकडे पाहिलं. मग हसली. त्या घरात राहायला आल्यापासून मी तिला इतकं मोकळं हसताना प्रथमच पाहत होते.

"मी त्याला बोलले, म्हातारीला टाकून मी आगरदांड्याला येनार न्हाय. आन ही सुपारी सोडनार न्हाय. तो नुसता चहाकडं बघत बसला. मला वाटलं, गेला आता. मंग बोलतो, बोट काय एकट्या आगरदांड्यावरनं सुटते? दिघीवरनं पन सुटते. मी हिकडं राहीन आन सकाळी हिकडनं चढीन."

"मग तू काय म्हणालीस?"

"व्हय बोलले."

सुमनताईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच हाताने डोळे पुसले. वत्सलामावशी "काय झालं, काय झालं" विचारत राहिल्या. बाईंचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी पाट उचलला, रेखाच्या अगदी समोर आणून ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

"पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "अगो, काही गाळू नकोस."